पाठीवरची अरबी

हातखंब्याला हायवेला लागून माझं दुकान आहे. हेल्मेट, रेनकोट, हातमोजे, सीट कव्हर आणि मोटरसायकलवर घालायची जॅकेटं, एवढाच माल. पाऊस सरला की दर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी दहा-बाराची टोळी करून गोव्याकडे निघतात, समोरच्या हॉटेलात मिसळ खातात, आपल्याच गाड्यांचे फोटो काढतात आणि त्यातला एखादा तरी माझ्या दुकानात शिरतो. अंगात काळं चामड्याचं जॅकेट, पाठीवर कवटी नाहीतर पंख पसरलेला गरुड, आणि आतून घामाने न्हालेला. एसी कुठे आहे ते आधी शोधतो, नाही म्हटल्यावर पंख्याखाली उभा राहतो, छातीवरची चेन बेंबीपर्यंत खाली ओढतो आणि विचारतो, "काका, लेदर बरं की टेक्स्टाइल?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तोच देतो. लेदर घासलं तरी फाटत नाही, लेदरचा रुबाब वेगळा, लेदर म्हणजे आयुष्यभराची वस्तू. हे सगळं त्याने कुठेतरी वाचलेलं असतं, आणि त्यात थोडंफार खरंही असतं. चांगलं जाड चामडं डांबरावर कापडापेक्षा जास्त वेळ टिकतं, हे मी कधी नाकारलेलं नाही.

पण ज्या मुलखात मार्चपासून बनियन पाठीला चिकटतं आणि जून लागला की कपाटातल्या पट्ट्यालासुद्धा हिरवी लव येते, तिथे चामडं घालून हिंडणाऱ्या माणसाबद्दल मला कणभर आदर नाही. तोंडावर मी काही बोलत नाही, धंदा आहे. कापडाची जॅकेटं काढून दाखवतो. आत कोपराला, खांद्याला, पाठीला पॅड असतात, वारा जायला जाळी असते, पावसाचं अस्तर काढता-घालता येतं. तो दोन बोटांनी कापड चिमटून बघतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, "दिसायला डिलिव्हरीवाल्यासारखं वाटतं हो." हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा राग यायला नको. तरी येतो. कारण तसलं वाक्य पहिल्यांदा मीच बोललो होतो, आणि बोलताना हसलोही होतो.

आमचं घर खाडीकडे उतरणाऱ्या मोहल्ल्यात. पहाटे बांगेच्या आधीच लाँची सुरू व्हायच्या, त्यांचा टकटक आवाज पाण्यावरून थेट आमच्या पडवीत यायचा आणि त्या आवाजाने उठून अब्बा पहिली शिवी घालायचे. अब्बा वीस-बावीस वर्षं बोटीवर होते. बोटीवर म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजांवर, आमच्या मोहल्ल्यात 'बोटीवर होता' एवढं सांगितलं की पुढे कोणी विचारत नसे. परत आल्यावर त्यांनी पडवीतली आरामखुर्ची धरली आणि तिथून जमिनीवरच्या सगळ्याचा हिशेब एका शब्दात निकालात काढला: फालतू. नगरपालिकेचं पाणी फालतू, माझं आयटीआय फालतू, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मला लागलेली फिटरची नोकरी फालतू, आणि त्या नोकरीवर जायला मी घेतलेली जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल तर फालतूतली फालतू. मी त्यांचा मुलगा. नाक त्यांचं घेतलं, आणि ते मुरडायची सवयही त्यांचीच उचलली.

अम्मा मात्र कशालाच फालतू म्हणायची नाही. तिचा सगळा दिवस चुलीपुढे जायचा, गॅस आला तरी तांदळाची भाकरी ती चुलीवरच थापायची, आणि भाकरी फुगली की स्वतःशीच 'अल्हम्दुलिल्ला' म्हणायची, जणू दरवेळी ती फुगेलच याची खात्री नव्हती. तिचा अभिमान एकच, सात वर्षं कुवेतला असलेला तिचा धाकटा भाऊ, माझा इक्बाल मामू. मामू तिथे कंपनीत होता. कसली कंपनी, काय काम, हे कोणी विचारलं की अम्मा म्हणायची, "मोठी कंपनी हाय, मनेजर हाय तो." त्या काळी मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी आखातात होतं आणि सगळेच्या सगळे मॅनेजर नाहीतर सुपरवायझर होते. तिथे विटा कोण वाहत होतं आणि बाथरूम कोण धूत होतं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण आपला मामू मॅनेजर असणं माझ्या सोयीचं होतं.

सोय अशी की माझा दोस्त नईम याच्याकडे चामड्याचं जॅकेट होतं. त्याच्या बापाच्या दोन लाँची होत्या आणि जॅकेट धारावीतून आणलेलं. तो ते डिसेंबरात घालायचा, मार्चमध्ये घालायचा, संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गाडी स्टँडला लावून त्यावर रेलायचा आणि मानेवरून ओघळणारा घाम कोणाला दिसणार नाही अशा बेताने पुसायचा. एका पावसाळ्यात त्या जॅकेटला बुरशी आली तेव्हा त्याच्या आईने ते शहाण्यासारखं चुलीवरच्या दोरीला टांगलं, जिथे सुके बोंबील टांगलेले असत. बुरशी गेली. पण त्यानंतर नईम जिथे जाई तिथे मांजरं जमू लागली. आम्ही सगळे त्याच्या पाठीमागे हसायचो आणि प्रत्येकाला तसंच जॅकेट हवं असायचं, मलाही. मी शेजारच्या घरी मामूचा फोन आला तेव्हा अम्माच्या हातातून रिसिव्हर ओढून सांगितलं, "मामू, येताना मना चामड्याचा जाकीट आन. गाडीवर घालायला." लाइन खरखरत होती. मग मामू म्हणाला, "आनतो."

मामू आला तो हिवाळ्यात, दोरीने करकचून बांधलेला खोका घेऊन. आखातातून आलेला खोका उघडणं हा आमच्याकडे एक सोहळाच असे. शेजारपाजारच्या बायका काहीतरी निमित्त काढून यायच्या, ओटीवर टेकायच्या आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन हुंगून पुढे द्यायच्या. साबण, अत्तर, खजूर, गुलाबी फुलांचं जाड ब्लँकेट, नारिंगी सरबताची पावडर. तळाशी माझी वस्तू होती. मी ती झडप घालून काढली आणि माझं तोंड उतरलं. कापड होतं. काळं-करडं, जाड, रेनकोट आणि दप्तर यांच्या मधलं काहीतरी. दंडावर चमकणाऱ्या पट्ट्या, कोपरात, खांद्यात टणक काहीतरी बसवलेलं. आणि नवंही नव्हतं, कॉलर धुऊन धुऊन मऊ पडलेली.

"चामड्याचा नाय मिलाला?" मी विचारलं.

"मिलत होता," मामू म्हणाला. "पन हाच घाल. अंगावर रात्रंदिस रवतो तो जाकीट खरा."

अब्बांनी आरामखुर्चीतून एकदा मान वळवून बघितलं आणि त्यांचा शब्द उच्चारला. मी ते जॅकेट बायकांसमोर खाली टाकणारच होतो, तेवढ्यात अम्माने ते झेललं. तिने ते उलटं करून पाठ बघितली. पाठीवर कधीतरी एक मोठा बिल्ला शिवलेला असावा, तो उसवून काढला होता. भोवतालचं कापड उन्हाने विटलं होतं आणि बिल्ल्याखालचं तेवढं मूळच्या काळ्या रंगाचं राहिलं होतं, त्यामुळे त्याचा आकार स्पष्ट उठला होता. वर एक गोलसर घुमट, घुमटावर तीन टोकं. त्याखाली मोठी अक्षरं एकेक करून शिवलेली असावीत, कारण प्रत्येकाची सावली वेगळी दिसत होती. अक्षरं अरबी होती, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांची आणखी एक पुसट ओळ.

आमच्याकडे अरबी सगळ्यांना वाचता येते आणि कोणालाच कळत नाही. लहानपणी मदरशात अलिफ-बे शिकायचं, कुराण खतम करायचं, जिलेब्या वाटायच्या, की झालं. अर्थ मौलवीसाहेबांना ठाऊक. तेव्हा अरबी अक्षर दिसलं की ते पवित्र, एवढं साधं गणित होतं. खजुराच्या डब्याचा कागदसुद्धा अम्मा चुलीत घालायची नाही, खाडीत सोडून यायची. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जॅकेटच्या पाठीवर बोट ठेवून वाचलं, "दाल, जीम, अलिफ, जीम. द... दजाज." घुमटावरून हात फिरवला. मग तिने ते ओठांना लावलं, डोळ्यांना लावलं आणि कपाटाच्या वर, जिथे गिलाफात गुंडाळलेलं कुराण असे त्याच्या खालच्याच फळीवर, घडी करून ठेवलं.

"अगो, तिथं नको ठेवू," मामू घाईने उठला.

"कां? अरबी हाय त्याच्यावर. खाली पाय लागंल."

"कंपनीचा नाव हाय, दुसरा काय नाय."

"असंल. अरबीच हाय ना?"

मामू हात अर्धवट वर धरून उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, त्याला बहिणीच्या अडाणीपणाची लाज वाटली. मलाही वाटली. मॅनेजर माणूस, बायकांसमोर काय बोलणार, असं मी मनात म्हणालो.

त्या महिन्याभरात मामूच्या दोन गोष्टींची मी मनसोक्त टिंगल केली. एक म्हणजे तो दुपारच्या उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, मनगटाची बटणं लावून. अम्माला ती साहेबी सवय वाटायची. दुसरी म्हणजे तो कोंबडी खायचा नाही. भाऊ येणार म्हणून अम्माने दोन गावठी कोंबडे राखून ठेवले होते. पहिल्याच शुक्रवारी तिने एक कापला, खोबरं भाजून रस्सा केला, वडे तळले, घर वासाने भरून गेलं. मामू पाटावर बसला, ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, "मना बांगडा नाय काय गो कालचा?" अम्मा हिरमुसली. मग तिने स्वतःच कारण काढलं, तिथं रोज कोंबडी, विटला असंल बिचारा. मी दोघांच्या वाटणीचे वडे खाल्ले आणि म्हणालो, साहेब झाला मामू. तो हसला. तो माझ्या सगळ्या बोलण्यावर हसायचा, आणि मला ते त्याचं मऊपण वाटायचं. मऊ माणसाबद्दल मला तेव्हा फारच थोडा आदर होता.

तो आला होता लग्न ठरवायला. तेहतिशी उलटली होती. अम्माने मुलगी बघून ठेवली होती, नईमची थोरली बहीण शमीम. बारावीपर्यंत शिकलेली, मोहल्ल्यातल्या पोरींना कुराण शिकवायची. बोलणी निम्म्यावर आली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. एकदा गाडी पुसताना मामूने सहज विचारल्यासारखं मला विचारलं, "रे, ती चष्मा लावते काय?"

"लावते. जाड भिंगाचा."

"मंग वाचत असंल," तो म्हणाला, आणि खूश होऊन टाकी पुसत राहिला. एकाच जागी किती वेळ फडकं फिरवत होता. आज इतक्या वर्षांनी त्याचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला हाच आठवतो, आणि पुढचं लिहायला हात उचलत नाही. पण लिहितो, कारण ते लिहायलाच बसलोय.

नईमचा दुल्हेभाई, म्हणजे त्याच्या दुसऱ्या बहिणीचा नवरा, त्याच सुमारास दम्मामहून आला होता. तो तिथे दुकानात उभा राहायचा, त्यामुळे त्याला बाजारातली अरबी खरोखर कळायची, आणि ती कळते हे तो कोणाला विसरू देत नसे. एका दुपारी नईमच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. नईम म्हणाला, "तुज्या मामूचा तो रेनकोट तरी दाखव." मी उठलोच. घरी गेलो, अम्मा मागीलदारी मासे साफ करत होती. मी स्टुलावर चढून जॅकेट काढलं आणि घालून परत गेलो. हसवायलाच गेलो होतो. ओट्यासमोर एक गिरकी घेतली आणि म्हणालो, "बगा, डिलिव्हरीवाला आयला."

दुल्हेभाई पान चघळत होता. त्याने मला हाताने थांबवलं, पाठ त्याच्याकडे करायला लावली आणि पान गालात सारून सावकाश वाचलं. मग तो असा हसला की लाल पिंक त्याच्याच झब्ब्यावर उडाली.

"खरंच आयला रे! दजाज म्हंजे कोंबडी. खाली बारीक लिवलेला हाय ना, ता तौसील. घरपोच. कोंबडी घरपोच! आनी ह्यो वर काय हाय म्हायत हाय? कोंबड्याचा तुरा!"

अम्माचा घुमट. तीन टोकं. ओट्यावर नुसता गोंधळ झाला, नईम जमिनीवर लोळत होता. मला त्या क्षणी दोन रस्ते होते. मी म्हणू शकलो असतो की मामूने हे कुठूनतरी जुनं विकत घेतलं. कोणी खोटं पाडायला आलं नसतं, आमचा अख्खा मोहल्ला अशा थापांवर उभा होता. पण हसणारे माझ्यावर हसत होते आणि मला ते सोसेना. मला हसणाऱ्यांत जायचं होतं. म्हणून मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "म्हनून तो घरात कोंबडी खात नाय! सात वर्सं तीच वाहतोय!"

हे मी त्याच क्षणी जोडलं. तोवर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. दुल्हेभाईला फक्त अक्षरं वाचता आली होती, पुरावा मी पुरवला. हसू थोडं ओसरलं तेव्हा माजघराच्या दाराचा पडदा हलला आणि पडद्याआडून कोणीतरी आत निघून गेलं. चष्म्याची काडी मला दिसली. दिसली नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी नईमची आई आमच्याकडे आली, ओटीवरच बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. "पोरीच्या मनात आताच नाय," म्हणाली. शमीमला विचारलं तरी होतं की नाही, देव जाणे. लाँचवाल्यांना मॅनेजर जावई हवा होता, कोंबडीवाला नको होता. मासळीवर जगणाऱ्या घरांनी कोंबडीचा कमीपणा मानावा, याच्याइतकी हास्यास्पद गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. पण तेव्हा मीही त्याच पंगतीत होतो. अम्माला कारण पाणवठ्यावर कळलं. ती घरी आली, मला समोर उभं केलं आणि विचारलं, "तू बोललास?" मी म्हणालो, "मी काय खोटा बोललो? तू कोंबडीचे मुके घेतेस आनी मी वाईट!"

अम्माने मला मारलं नाही. मी रागाने खुंटीला टांगलेलं ते जॅकेट तिने काढलं, झटकलं, आणि स्टूल घेऊन पुन्हा त्याच फळीवर घडी करून ठेवलं. "कोंबडी तर कोंबडी," ती म्हणाली. "रोजी हाय ती माज्या भावाची."

पडवीत अब्बा होते. मी त्यांच्याकडे आशेने बघितलं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मला तो एक शब्द हवा होता तो आत्ताच. ते खाडीकडे बघत म्हणाले, "मी बोटीवर काय करायचो, कदी इचारलास? भटारखान्यात भंडाऱ्याच्या हाताखाली कांदे सोलायचो. बावीस वर्सं." मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

मामूने तिकीट पुढचं होतं ते अलीकडे आणलं. आमच्याकडे आखाताला जाणाऱ्याला पोचवायला अख्खा मोहल्ला रस्त्यापर्यंत येतो, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून दंडाला इमाम-जामिन बांधतात, लोणच्याच्या आणि सुकटीच्या पुड्या जबरदस्तीने बॅगेत कोंबतात. मामू म्हणाला, कोणी येऊ नका, हा मना हातखंब्यापर्यंत सोडंल, तिथून मुंबईची गाडी पकडतो. सकाळची थंडी होती. अम्माने फळीवरून जॅकेट काढून माझ्या अंगात घातलं आणि चेन वर ओढली. चावी मामूने मागून घेतली. मी त्याची बॅग मांडीवर धरून मागे बसलो.

तो माणूस काय गाडी चालवायचा! माझ्याच गाडीवर बसून मला ती माझी वाटेना. वळणाच्या आधी वेग उतरायचा, वळणात गाडी रेषेवर ठेवल्यासारखी जायची, ट्रकच्या मागे तो अशा जागी राहायचा की ड्रायव्हरला आरशात दिसावा. कुठे झटका नाही, कुठे उगाच हॉर्न नाही. मांडवीवर रेलणाऱ्या आम्हा सगळ्या शूरवीरांना मिळून याच्या निम्मं येत नव्हतं. हातखंब्याला एसटीच्या थांब्याजवळ त्याने गाडी उभी केली, समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले आणि पहिल्यांदाच मनगटाची बटणं सोडून बाही वर सरकवली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चकचकीत, गुलाबी, जागोजागी ओढून शिवल्यासारखी.

"चामड्याचा जाकीट मीसुदा घेतला होता," तो म्हणाला. "पयल्या वर्सी. झोकात. तिथला उन्हाला तुना म्हायत नाय. दुपारी जीव घाबरा व्हायचा, म्हनून काढून गाडीवरच्या खोक्याला बांधला. त्याच दिवशी पडलो. जाकीट खोक्यावर धड, मी रस्त्यावर घासत गेलो." बाही खाली करून त्याने एकेक बटण लावलं. "मंग कंपनीचा हा घातला. दुसऱ्यांदा पडलो तवा हा अंगात होता. काय नाय झाला. तुना चामड्याचा घेताना हात गेला नाय माजा. माजाच उसवून आनला. बिल्ला काढायला दोन दिवस गेले, सावली रवली ती रवली."

मी चहाच्या ग्लासात बघत होतो. माफी मागायचं मनात आलं, पण ती कशी मागतात हे आमच्या पडवीत कोणी शिकवलं नव्हतं. मुंबईची गाडी वळणावर दिसली. मामू उठला.

"काढ," तो म्हणाला.

"काय?"

"जाकीट. मना लागंल."

मी काढलं. त्याने ते तिथेच रस्त्यावर अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, बॅग उचलली आणि गाडीत चढला. गाडी गच्च होती, तो दारापाशी पाठ करून उभा राहिला. काळा तुरा आणि त्याखाली ती अक्षरं मुंबईच्या दिशेने लांब जाईपर्यंत मला दिसत होती. थांब्यावर उभ्या असलेल्या एका म्हातारीने ती अक्षरं बघून पदर डोक्यावर घेतला.

पुढे मामूचं लग्न झालं, बऱ्याच उशिरा, मुंब्र्याच्या मुलीशी, आणि तो मुंब्र्यालाच राहिला. कोणाच्या लग्नात भेट होते. उठून उभा राहतो, हात हातात घेतो, तब्येत विचारतो. मला 'तुमी' म्हणतो. ज्याने मला खांद्यावर घेऊन मांडवीची जत्रा दाखवली त्याच्या तोंडचं ते 'तुमी' ऐकलं की जेवण गोड लागत नाही. गिऱ्हाइकाला मी आज जे सांगतो ते सगळं त्याचंच आहे: पडायच्या क्षणी अंगावर असेल ते जॅकेट चांगलं, आणि आपल्याकडच्या हवेत अंगावर काय राहतं ते तुम्हीच ठरवा. बहुतेक जण तरीही चामडंच बघतात. मला त्यांची चीड येते, आणि त्यांच्यापेक्षा जास्त चीड कोणाची येते हे एव्हाना वाचणाऱ्याला कळलं असेल.

मामू परत गेला त्यानंतरच्या पहिल्याच पावसात, कुवेतहून आलेला कोणीतरी शेजारी एक पुडकं देऊन गेला. वर माझं नाव होतं, चिठ्ठी नव्हती. आत जॅकेट. चामड्याचं, काळंभोर, कोरं करकरीत, नईमच्यापेक्षा दसपटीने भारी. वास असा की पडवीत बसलेल्या अब्बांनी मान वळवली आणि परत खाडीकडे केली. मी ते उचललं नाही. अम्माने हात पुसले, ते जॅकेट उचललं, पुढून बघितलं, मग उलटं करून पाठ बघितली. उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होती. बोटांनी चाचपलं. पाठ गुळगुळीत होती, एक टाकासुद्धा नव्हता. मग तिने ते माझ्या पायांशी जमिनीवर ठेवलं.

"ह्याच्यावर काय लिवलेला नाय," ती म्हणाली. "ह्यो खाली रवला तरी चालंल."